देवबागचं आजीचं घर दुरुस्त करून आईबाबांनी तिकडे राहावं का? समुद्र, विहीर, कागदपत्रं... माहिती असलेल्यांनी सांगा प्लीज

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी, मालवण, तारकर्ली, देवबाग भागातलं कोणी असेल तर नक्की वाचा, पोस्ट जरा लांब झालीय.

माझ्या आईचं माहेर देवबाग. आजी गेल्यापासून घर बंदच आहे, शेजारच्या काकींकडे किल्ली असते, मे महिन्यात आणि गणपतीत कोणीतरी जाऊन झाडलोट करून येतं तेवढंच. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे विहीर आणि थोडे माड. रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला आहे, खाडीकडे नाही. आता बाबा रिटायर झालेत आणि आईने मनाशी पक्कं केलंय की यापुढे तिकडेच राहायचं. तिला डोंबिवलीत करमतच नाही, आणि खरं सांगायचं तर तिला तिथे अंगणात बसलेलं बघितलं की मलाही वाटतं की हिचा जीव इथेच आहे, मग का अडवायचं.

पण भीती पण वाटते. मागच्या काही वर्षांत समुद्र किती आत आलाय ते बघून आम्ही घाबरलोय. आई सांगते तिच्या लहानपणी घरापासून पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत, सुरूच्या झाडांतून आणि माडांतून चालत जायला लागायचं, आता तेवढी जागाच उरली नाहीये. 2019 च्या क्यार वादळात आणि मग 2021 च्या तौक्तेमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहितीय. एक मामा म्हणतो पैसे घालू नका सरळ विकून टाका, दुसरा म्हणतो पाडून आरसीसी बांधा आणि वर चार खोल्या काढून पर्यटकांना द्या. सातबारावर अजून आजोबांचंच नाव आहे, आणि त्यांच्या दोन भावांचं.

माझे प्रश्न: घर आहे तसं दुरुस्त करणं शहाणपणाचं आहे का? सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात, काय चालतं काय नाही? विहिरीचं पाणी वर्षभर गोडं राहतं का? आणि मुख्य म्हणजे साठी उलटलेली दोन माणसं पावसाळ्यात तिथे नीट राहू शकतील का? मालवणी लोकांनो मनापासून सांगा, गोड गोड नको.

कर्लीकाठ

ताई, मी देवबागचाच, जन्म इथला आणि राहतो पण इथेच, म्हणून जे डोळ्यांनी बघतो ते सांगतो.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी, देवबाग म्हणजे वाळूचा एक लांबच लांब अरुंद पट्टा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, मधून एकच रस्ता, आणि दक्षिणेच्या टोकाला संगम, पलीकडे भोगवे. काही ठिकाणी तर रस्त्यावर उभं राहिलं की एका बाजूला लाटेचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला खाडीतल्या होडीच्या इंजिनाचा. त्यामुळे इथे समुद्र आणि खाडी दोन्हीकडून विचार करावा लागतो. पावसात नदीला पूर आणि त्याच वेळी अमावास्या पौर्णिमेचं उधाण असलं की खाडीकडची घरं पण धास्तावतात.

आता समुद्र आत येतो म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण बाहेरचे लोक एक फोटो बघून घाबरतात. समुद्र दर पावसाळ्यात पुळण खातोच. जून ते ऑगस्ट लाटा उंच असतात, वाळू ओढून आत नेतात, किनारा असा उभा कापल्यासारखा दिसतो. दसरा दिवाळी झाली, वारा पडला, की तीच वाळू हळूहळू परत येऊन बसते आणि जानेवारीत बघाल तर रुंद पुळण. हे पूर्वीपासून आहे. काळजी कधी करायची, तर जेव्हा गेलेली वाळू पूर्ण परत येत नाही आणि दर वर्षी एखादी माडांची रांग कमी होते तेव्हा. आणि हे गावात सगळीकडे सारखं नाही हो, एका वाडीत दरवर्षी माड पडतायत आणि तिथून थोडं पुढे गेलात तर वाळू उलट साठतेय. कर्लीच्या मुखाशी तर वाळू सारखी जागा बदलत असते.

म्हणून तुमच्या घराचं उत्तर इथे कोणी देऊ शकणार नाही, मी पण नाही. जानेवारीत येऊन निर्णय घेऊ नका. ऑगस्टमध्ये या, उधाणाच्या भरतीला, आणि पाणी कुठपर्यंत चढतं ते स्वतः बघा. मग नोव्हेंबर डिसेंबरमध्ये परत येऊन बघा किती वाळू भरली. शेजारच्या काकींना विचारा क्यारला पाणी त्यांच्या कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, त्यांना बरोबर आठवत असणार, इथे प्रत्येक घराला ते पाठ आहे.

दगडी बंधारा तुमच्या समोर आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर त्याच्या मागचं घर वाचतं हे खरं, पण जिथे बंधारा संपतो तिथे लाट जास्त खाते, हे पण आम्ही बघतोय. तुमचं घर बंधाऱ्याच्या शेवटाला असेल तर जास्त जपून.

आणि एक हात जोडून विनंती, घरासमोरची मर्यादवेल, केवडा, उंडी यातलं काही साफ करू नका. लोक येतात आणि समुद्र दिसावा म्हणून पहिलं काम तेच करतात, जेसीबी लावून सपाट. वाळू धरून ठेवणारं दुसरं काही नाही आमच्याकडे. ती वेल पुळणीवर पसरते, वाऱ्याने उडणारी वाळू तिच्यात अडकते, ढीग होतो, ढिगावर केवडा धरतो. हे व्हायला वर्षं लागतात आणि काढायला एक सकाळ पुरते.

चिरा_आणि_कौल

मी कुडाळला बांधकामाची कामं करतो, जुनी कोकणी घरं दुरुस्त करायची आवड आहे म्हणून लिहितोय.

पाडू नका. चिऱ्याचं घर समुद्रकाठी स्लॅबच्या घरापेक्षा जास्त टिकतं हे मी अनुभवाने सांगतो. खारी हवा सिमेंटच्या बारीक भेगांतून आत जाते, सळई गंजते, गंजली की फुगते, आणि स्लॅबचा पोपडा सळईसकट खाली. त्यात कोणी स्वस्तात म्हणून किनाऱ्याची किंवा खाडीची वाळू वापरली असेल तर मग विचारूच नका, मीठ आतूनच आलं. चिऱ्याला गंजायला काही नाही. जिथे सिमेंट लागेलच तिथे क्रश सँड किंवा नदीच्या वरच्या अंगाची गोड्या पाण्यातली वाळू घ्या, आणि मिस्त्रीला समोर उभं राहून सांगा.

खरं बघायचं ते छप्पर. आढं, वासे, रिपा, एकेक ठोकून बघा. बंद घरात वाळवी शांतपणे आत पोखरते, वरून वासा सरळ दिसतो आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की भुसा. जुना फणसाचा किंवा सागाचा वासा असेल आणि टोक तेवढं खराब असेल तर टोक कापून जोड देता येतो, अख्खा बदलायची गरज नसते. कौलं उतरवून, धुवून, फुटकी काढून परत चढवायची. जुनी मंगलोरी कौलं फेकू नका, तशी जाड भाजलेली कौलं आता सहज मिळत नाहीत. तौक्तेमध्ये बघितलं ना, पत्रे कुठच्या कुठे उडाले, कौलारू घरांची कौलं सरकली, फुटली, पण दोन दिवसांत लोकांनी परत सारखी केली. पत्रा घालायचाच मोह झाला तर निदान समुद्राकडच्या बाजूला नको.

विहिरीबद्दल. वाळूच्या पट्ट्यात खाली खारं पाणी असतं आणि पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं, तोच थर तुमची विहीर. हळूहळू उपसलं तर मे महिन्यापर्यंत पुरतं. मोठा पंप लावून टाकी भरायला घेतलीत की गोडं संपून खालचं वर चढतं, आणि एकदा मचूळ झालं की पुढचा पाऊस येईपर्यंत तसंच. त्यामुळे बोअर अजिबात मारू नका, लहान पंप, आणि थोडं थोडं उपसा. कौलावरचं पागोळ्यांचं पाणी पन्हळ लावून विहिरीजवळ मुरवा, खर्च किरकोळ आणि फरक मोठा. आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा न्या, वाळूतून सांडपाणी फार पटकन पोचतं, पावसात तर पाण्याची पातळी इतकी वर असते की विचारू नका.

सातबारा

सीआरझेडचं मी सांगते, आमच्या घरच्या भांडणात सगळं शिकले.

हा पट्टा म्हणजे समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटर आणि खाडीच्या बाजूने 2019 च्या अधिसूचनेनुसार 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. देवबागसारख्या पट्ट्यात म्हणजे जवळपास सगळंच आत आलं. ग्रामीण भागात त्यातही दाट वस्तीच्या गावांना समुद्राकडून 50 मीटर ना विकास क्षेत्र, म्हणजे नवीन बांधकामाला मनाई असलेली जागा, आणि विरळ वस्तीच्या गावांना 200 मीटर. घनता 2011 च्या जनगणनेवरून धरतात, चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं असली तर दाट. तुमचं गाव कुठल्या वर्गात आणि घर रेषेच्या कुठे ते कोस्टल झोनच्या मंजूर नकाशावर बघायचं, गावात कोणी काय सांगतं त्यावर नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की जुनं अधिकृत घर असेल तर दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते, पण जेवढं जोतं आहे तेवढंच, चटईक्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम, वाढवायचं नाही. मामा म्हणतात तशा वर चार खोल्या त्यात बसत नाहीत. घर जुनं आहे याचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं. आजीच्या ट्रंकेत असतील तर लॅमिनेट नका करू, स्कॅन करून ठेवा.

आणि सगळ्यात आधी वारस नोंद. आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ म्हणजे आता किती नावं होतील मोजा. सगळ्यांना आत्ता बोलवा, चहाला बोलवा, गणपतीत सगळे गावी येतातच तेव्हा बसा. दुरुस्तीला लाखो रुपये घातल्यावर चौथ्या पिढीतला कोणीतरी उभा राहतो आणि म्हणतो आमचा पण हिस्सा आहे, आणि त्याचं चूक नसतं. आईचं नाव पण लागलंच पाहिजे हां, माहेरवाशिणीचं नाव गाळून नोंदी करायची सवय आहे आपल्याकडे, तिथे गप्प बसू नका.

अबोली_डोंबिवली

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. आईला फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणते मर्यादवेल मी कोणाला तोडूच देणार नाही. बंधारा आमच्या घराच्या थोडा अलीकडेच संपतो, म्हणजे कर्लीकाठ दादा म्हणाले तीच परिस्थिती, त्यामुळे ऑगस्टमध्ये मी आणि बाबा येऊन बघणार हे नक्की. नमुना 8 काढायला सांगितलाय.

आई विचारतेय रापण अजून लागते का? तिचे वडील रापणीत होते.

पाग

बाये, तुझ्या आवशीक सांग रापण आसा, पण पयल्यासारखी नाय. मी स्वतः रापणीचो वाटेकरी, म्हणान मीच सांगतंय.

पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. ज्यांनी बघितली नाही त्यांना, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. जाळ्याची एक दोरी पुळणीवर माणसांच्या हातात ठेवून होडी समुद्रात जाते, जाळं सोडत सोडत अर्धगोल घेते आणि लांबवर दुसऱ्या टोकाला किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून ओढायचं. आमच्या गाबीत समाजात एकेका रापणीत कितीतरी घरं असायची, कोणाचं जाळं, कोणाची होडी, कोणाचे हात, आणि मासळी आली की त्याप्रमाणे वाटे. पण त्यातही रीत अशी की दोरीला जो हात लावेल त्याला कालवणापुरती मासळी मिळायचीच, मग तो पोरगा असू दे, म्हातारी असू दे, वाटेने जाणारा पाहुणा असू दे. विधवा बाईच्या घरी चूल या रापणीवर पेटायची, हे मी बघितलंय. दोन्ही दोऱ्या जवळ येत जातात, जाळ्याचा खोळ पाण्यात दिसायला लागतो, वर घारी आणि कुरव्या घिरट्या घालतात, आणि मग कोणीतरी ओरडतं तारले तारले, की म्हातारे पण पाण्यात धावतात.

आता काय झालं, तर मासळी किनाऱ्यापर्यंत पोचतच नाही. बाहेर पर्ससीनवाले अख्खा थवाच्या थवा घेरून उचलतात, ट्रॉलर आमच्या हद्दीत घुसून तळ खरवडून जातात. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून करायची मासेमारी केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंद केली, पर्ससीनवर राज्याने फेब्रुवारी 2016 मध्ये निर्बंध घातले, राज्याचा सागरी मासेमारीचा 1981 चा कायदा होताच त्यात 2021 साली सुधारणा करून दंड वाढवले. कागदावर सगळं आहे. पण रात्री पुळणीवर उभे राहिलात तर बाहेर उजेड दिसतो, आणि आम्ही सकाळी ओढतो तेव्हा जाळ्यात जेलीफिश. बिगर यांत्रिक होडीने जगणाऱ्या माणसाने कोणाकडे बघायचं? 1 जून ते 31 जुलै बंदी आम्ही पाळतो, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाही, आणि समुद्र रिकामा करणारे वेगळेच.

दुसरं म्हणजे तरुण पोरं वॉटरस्पोर्टला गेली, डॉल्फिन दाखवायच्या होड्या, स्कूबा, खाडीतल्या त्सुनामी आयलंड नावाच्या वाळूच्या बेटाच्या फेऱ्या. मी त्यांना दोष देत नाही, महिन्याला नक्की पैसे हातात येतात. पण रापण ओढायला खूप माणसं लागतात, दहाजणांनी ओढण्याचं कामच नाही ते. तरी काही रापणी आम्ही चालू ठेवल्यात. पाऊस संपला की आईला घेऊन ये, सकाळी लवकर पुळणीवर या. तुझ्या आजाचं नाव सांगितलंस तर जुनी माणसं ओळखतील, आणि ओळखली नाहीत तरी दोरीला हात लावायला काय कोणाची परवानगी लागते.

न्याहारी

मी इथे घरगुती राहायची सोय चालवते, दोनच खोल्या. मामांची पर्यटनाची कल्पना अगदीच टाकाऊ नाही म्हणून लिहिते. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास न्याहारी योजना आहे, राहत्या घरातल्या खोल्या रजिस्टर करता येतात, त्यासाठी आरसीसी लागत नाही. उलट लोक कौलारू घरच शोधत येतात. ऑक्टोबर ते मे काम असतं, मे महिन्यात तर श्वास घ्यायला वेळ नाही. पण आईबाबांचं वय बघता पहिलं वर्ष तरी पाहुणे घेऊ नका. पाणी किती लागतं पाहुण्यांना त्याचा अंदाज येत नाही आधी, प्रत्येकाला समुद्रावरून आल्यावर वेगळी अंघोळ, आणि विहिरीचं वर सांगितलंच आहे त्यांनी. मी आता सरळ बादली आणि तांब्या देते आणि कारण समजावून सांगते, बहुतेक लोक ऐकतात.

पावसाळ्याचं सांगते कारण तुमचा मुख्य प्रश्न तो होता. राहता येतं, पण तयारी मेमध्येच करायची. पडवीला समुद्राच्या बाजूने माडाच्या चुडतांची विणलेली झापं किंवा ताडपत्री बांधायची, नाहीतर झडीचं पाणी सरळ माजघरात. तांदूळ, डाळ, मीठ, सुकी मासळी, सोलं, गॅसचं एक जास्तीचं सिलिंडर, लाकडं कोरडी. वीज जाते, कधी तासभर कधी दोन दिवस, तौक्तेनंतर तर आमच्याकडे कितीतरी दिवस नव्हती, तेव्हा इन्व्हर्टरबरोबर एखादं छोटं सोलर घ्या. औषधं महिन्याभराची आणून ठेवायची. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं काही झालं तर ओरोसला जिल्हा रुग्णालय, आणि ते रात्री पावसात जवळ नाही हे लक्षात ठेवा. बाबांना बीपी शुगर हार्टचं काही असेल तर जुलै ऑगस्ट डोंबिवलीत आणि बाकी दहा महिने इकडे असं करायला काहीच हरकत नाही, आमच्या वाडीत दोन घरं असंच करतात.

कर्लीकाठ

न्याहारीताईंशी शंभर टक्के सहमत. अबोलीताई, बंधारा अलीकडे संपतो म्हणालात म्हणून परत लिहितोय. यंदा छप्पर आणि वाळवीचं तेवढं करून घ्या, ते थांबण्यासारखं नाही, एक पाऊस अजून गळलं तर भिंती भिजतील. फरशी, रंग, नवीन बाथरूम हा मोठा खर्च मात्र किनारा एक पावसाळा आणि एक हिवाळा बघितल्याशिवाय करू नका. आणि ग्रामसभेला आई आली पाहिजे, इथली मतदार नसली तरी येऊन बसू दे, बंधाऱ्याचा विषय निघतो तेव्हा ज्यांची घरं बंद असतात त्यांच्यासाठी कोणी बोलत नाही.

अबोली_डोंबिवली

हो दादा, तसंच करतो. मोठ्या मामाला हा पूर्ण धागा पाठवला, विकायचं म्हणणारा तोच, आणि त्याचा रिप्लाय आला की वासे बघायला तो पण येणार. चिरा आणि कौल, तुम्हाला मेसेज केलाय, छपराचे फोटो पाठवलेत, वेळ मिळेल तसं बघा.